तेरावं पान

मघाशी दारातच एका ताईंनी विचारलं, "तुमचं वेळापत्रक द्याल का? झेरॉक्स काढून घेते." मी त्यांना थोडं थांबायला सांगितलं. ते वेळापत्रक आधी कसं मोडलं, हे ऐकून मग घ्यावं असं मला वाटतं. इथे बसलेल्या बहुतेकांची मुलं पाच ते आठ वर्षांची आहेत आणि येत्या जूनपासून त्यांना घरी शिकवायचं तुमच्या मनात आहे. म्हणून मी या वयापुरतंच बोलणार आहे.

आमचं पहिलं वर्ष २०२२ चं. मी शाळेसारखे तास लावले होते. नऊ ते साडेनऊ मराठी, साडेनऊ ते दहा गणित, असं दुपारपर्यंत. श्रावणात ते मोडलं. सासूबाईंचं खुब्याचं ऑपरेशन झालं, घरात येणंजाणं वाढलं, त्यात धाकट्याला ताप. बुडालेला प्रत्येक तास मी पुढच्या आठवड्यात भरून काढायला लागले. दिवाळीच्या सुमाराला मुलगी वही दिसली की उठून आत जायची. तिला शिकायचा कंटाळा नव्हता हो. मी जमवून ठेवलेली थकबाकी तिच्याकडून वसूल करत होते.

२०२३ च्या जूनमध्ये तक्ता सोडला आणि एका वहीत बारा पानं आखली. आषाढ ते ज्येष्ठ, एकेका मराठी महिन्याला एक पान. पानावर वरती लिहायचं की त्या दिवसांत बाहेर काय असतं, मध्ये लिहायचं की घरात काय काय आहे, पाहुणे, सण, आजारपणं, आणि खाली शिकायची एकच मोठी गोष्ट. आश्विनाच्या पानावर होता दिवाळीचा किल्ला. तुम्ही म्हणाल, किल्ला सगळेच करतात. पण पंधरा दिवस आधीपासून केला तर त्यात काय काय निघतं बघा. माती किती घमेली लागेल याचा अंदाज, बुरुजांची मोजणी, हळीव किती दिवसांत उगवतो याची नोंद, गडाचं नाव पाटीवर ठळक अक्षरात, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची गडाची गोष्ट. वैशाखाच्या पानावर आंबे आणि कुरडया होत्या. डझन, अर्धा डझन, पाव डझन हे आंब्यांशिवाय इतकं चटकन दुसरीकडे कुठे कळेल?

आता वहीचं मुख्य सांगते. आखताना मी भिंतीवरचं कॅलेंडर नीट पाहिलं नव्हतं. मुलीने पाहिलं. "आई, श्रावण दोनदा आलाय." त्या वर्षी १८ जुलैपासून अधिक श्रावण होता आणि माझ्या वहीत त्याला पानच नव्हतं. मग आम्ही दोघी खडे मांडून बसलो. चंद्राचे बारा महिने मिळून साधारण ३५४ दिवस, सूर्याचं वर्ष ३६५ चं. दरवर्षी अकरा दिवस मागे पडतात, म्हणून साधारण बत्तीस-तेहतीस महिन्यांनी एक महिना जास्तीचा घ्यावा लागतो. नाहीतर आपली दिवाळी हळूहळू सरकत भर पावसात जाईल. त्या वर्षी गणपती १९ सप्टेंबरला का आले, हे ती पुढे भेटेल त्याला समजावून सांगत होती.

आम्ही वहीत एक पान डकवलं. त्यावर काहीच लिहिलं नाही. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात, पण आमच्याकडे त्या महिन्याने सुबत्ता आणली.

मुलगी एकवीसच्या पुढच्या संख्यांवर अडकली होती. मराठीत आपण एकक आधी बोलतो. सत्तावीस म्हणताना सात आधी, वीस नंतर, आणि लिहिताना मात्र दोन आधी. ती ऐकल्याप्रमाणे ७२ लिहायची. त्यात एकोणतीस, एकोणचाळीस ही वेगळीच तऱ्हा. तुम्हाला आठवत असेल, २०१९ मध्ये बालभारतीने दुसरीच्या गणितात 'वीस एक, वीस दोन' अशी वाचनाची पद्धत आणली तेव्हा केवढा वाद झाला होता, पार विधिमंडळापर्यंत. माझं मत विचाराल तर ती पायरी फार कामाची आहे. रिकाम्या महिन्यात आम्ही नवीन गणित घेतलंच नाही. आधी 'वीस सात' म्हणायचं, लिहायचं, मग 'सत्तावीस' म्हणायचं. गाड्यांच्या नंबरप्लेटा, बसचं तिकीट, वाण्याचं बिल, दिसेल तो आकडा दोन्ही तऱ्हांनी वाचायचा. अधिक महिना संपून निज, म्हणजे नेहमीचा श्रावण लागला तेव्हा ती 'सदुसष्ट' न अडखळता लिहीत होती. ते पान नसतं तर मी तिला तशीच अडखळत पुढे बेरजेत ढकलली असती.

तेव्हापासून अधिक महिना असो नसो, चार आठवडे मी कोरे ठेवते. कुठे, ते आधी ठरवत नाही. मूल जिथे अडेल किंवा रमेल तिथे ते आठवडे खर्च करायचे. उरलेल्यांपैकी ३६ आठवडे कामाचे, आठवड्याला चार दिवस, आणि बसून करायचं काम रोज तास-दीड तास. एवढ्याने भागतं का, असं सगळे विचारतात. शिक्षणहक्क कायद्यात पहिली ते पाचवीसाठी शाळेला वर्षाला २०० दिवस आणि ८०० तास घालून दिलेत, पण तिथे एका शिक्षकामागे तीस मुलं धरलेली असतात. घरी तुमच्यापुढे एक किंवा दोन असतात.

दोन गोष्टी मात्र हलवायच्या नाहीत. सकाळी न्याहारीनंतर वीस मिनिटं मुलाने वाचायचं, रात्री निजताना मोठ्यांनी वाचून दाखवायचं. लग्नघरी असा, गावाला असा, हे व्हायलाच हवं. बाकी सगळं लवचिक ठेवता येतं, ते या दोन खुंट्या पक्क्या असतात म्हणून.

हे काही बाहेरून आलेलं खूळ नाही. बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी पालघरकडच्या कोसबाडला पाहिलं की आदिवासी मुलं गुरांमागे जातात, शाळेच्या वेळेला येऊच शकत नाहीत. मग त्यांनी शाळाच कुरणात नेली. कुरणशाळा. मुलाचा दिवस कसा जातो ते आधी पाहायचं आणि शिकणं त्यात बसवायचं, हे आपल्याच मातीत झालेलं काम आहे.

परीक्षांचं थोडक्यात. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेचे (एनआयओएस) मुक्त मूलभूत शिक्षणाचे तीन स्तर तिसरी, पाचवी आणि आठवीच्या तोडीचे आहेत. दहावीला तिथे वयाची चौदा वर्षं पूर्ण लागतात. मध्येच शाळेत घालावंसं वाटलं तर वयानुरूप वर्गात प्रवेशाची तरतूद शिक्षणहक्क कायद्यात आहे. म्हणून महिना-दोन महिने मागे राहिल्याचा धसका सहाव्या वर्षी घेऊ नका.

त्या ताई कुठे बसल्यात? वही मी सोबत आणली आहे. चहाच्या वेळी चाळा, हवी ती पानं झेरॉक्स करा. डकवलेलं पान जरा जपून उलटा, एका बाजूचा डिंक सुटलाय.