रंग चढवून, आपल्याच आवाजात

नमस्कार श्रोतेहो.

आज ज्या कलावंताविषयी बोलायचं आहे, त्याच्याबद्दल मराठीत पहिलं वाक्य उच्चारतानाच क्रियापद अडतं. ‘गातो’ म्हणायचं की ‘गाते’? अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातला ब्रायन फर्कस गाणी लिहितो, गिटार वाजवतो. पण लोकांसमोर उभी राहते ती ट्रिक्सी मॅटेल. डोंगराएवढा सोनेरी विग, बाहुलीसारखे रंगवलेले डोळे आणि नखशिखान्त गुलाबी पोशाख. या कलेला ड्रॅग म्हणतात, म्हणजे बहुधा पुरुषानं भडक स्त्रीवेशात मंचावर उभं राहायचं. तिथली रीत सोपी आहे. वेश अंगावर असताना ‘ती’, वेश उतरला की ‘तो’. आपणही तसंच बोलू.

ड्रॅग म्हटलं की आपल्याला स्त्रीपार्टी नट आठवतात, आणि आठवण चुकीची नाही. बालगंधर्व शालू नेसून स्वतः गात होते, ऑर्गन, सारंगी आणि तबल्याच्या साथीनं. पण तिथे प्रेक्षकानं पुरुष विसरावा हीच नटाची साधना होती. ट्रिक्सीच्या रंगभूषेत तसा प्रयत्नच नाही. अशी बाई जगात कुठे दिसत नाही, आणि तसं दिसायला हवं म्हणूनच तो चेहरा इतका मोठा काढलेला असतो. अमेरिकेतल्या ड्रॅगच्या खेळात गाणं बहुतेक ध्वनिमुद्रित असतं, कलावंत त्यावर ओठ हलवतात. ती मोठ्या कष्टाची कला आहे, तिला कमी लेखू नये. ट्रिक्सी मात्र त्या वेशात प्रत्यक्ष गाते, आणि गाते ती ब्रायनच्या साध्या, पुरुषी आवाजात. आवाज बायकी करत नाही. चेहऱ्यावर इतका रंग आणि गळ्यावर काहीच नाही, या विसंगतीवर तिची सगळी कारकीर्द उभी आहे, असं आमचं मत आहे.

ब्रायनचा जन्म 1989 सालचा, मिलवॉकीचा. आजोळ ओजिब्वे या मूळनिवासी समाजाचं. वाढला क्रिव्हिट्झ नावाच्या छोट्या गावात. गिटार आजोबांनी शिकवली, तीही कंट्री, म्हणजे अमेरिकेच्या ग्रामीण भागातून आलेल्या गाण्यांची. मुलगा बायकी वागतो म्हणून सावत्र बाप त्याला हिणवून ‘ट्रिक्सी’ म्हणायचा. मुलानं तीच शिवी नाव म्हणून घेतली आणि पुढे बाहुल्या बनवणाऱ्या कंपनीचं नाव जोडलं. मिलवॉकीच्या विद्यापीठात संगीत नाटकाचं शिक्षण झालं, नंतर सौंदर्यप्रसाधनांच्या काउंटरवर नोकरी झाली. गिटार, नाटक आणि रंगभूषा ही तिन्ही हत्यारं हाताशी आली ती अशी.

आता त्या वेशात गायचं म्हणजे काय करावं लागतं, ते जरा सविस्तर पाहू. दिसायला हे सोपं वाटतं, पण अंगावर चढवलेली एकेक वस्तू गाण्यातलं काहीतरी काढून घेते.

सुरुवात भुवयांपासून. त्या लपवल्याशिवाय वर नवी भुवई काढता येत नाही. शाळकरी मुलांच्या कांडीच्या डिंकाचे दोन-तीन पातळ थर केसांच्या दिशेनं चेपून लावतात, प्रत्येक थर पूर्ण वाळू देतात, मग पावडर, मग जाड फाउंडेशन. घाई केली आणि ओल्या डिंकावर फाउंडेशन बसवलं, तर तिसऱ्या गाण्यापर्यंत दिव्यांच्या उष्णतेत तिथे भेगा पडतात. त्यानंतर गालांची आणि नाकाची छाया, तिच्यावर सुट्या पावडरीचा जाड थर. तो काही मिनिटं तसाच ठेवून झटकतात. गाणाऱ्यासाठी खरी अडचण ओठांची. लिपस्टिक माइकच्या जाळीला लागते, जाळी बुजते, आणि आवाजातली धार कमी होते. म्हणून शहाणा कलावंत स्वतःचा माइक बाळगतो, त्यावर फोमची टोपी घालतो आणि रोज ती बदलतो.

मग विग. पुढच्या कडेला बारीक जाळी असते, ती कपाळाला डिंकानं चिकटवतात. घाम आला की पहिली सुटते ती कानशिलाजवळची कड. गाणाऱ्याचं मोठं दुखणं वेगळंच. विगनं कान झाकले की वरच्या पट्टीतले सूर दबून ऐकू येतात, स्वतःचा आवाज लांबून आल्यासारखा वाटतो, आणि मग माणूस नकळत जोर लावतो, सूर चढतो. उपाय एकच आहे. कानात बसणारे, गाणाऱ्याला स्वतःचा आवाज ऐकवणारे मॉनिटर विगच्या आधी घालायचे, वायर मानेमागून चिकटपट्टीनं पाठीवर उतरवायची आणि त्यानंतरच विग चढवायचा. उलट क्रमानं केलं, तर एक वायर सैल झाली म्हणून सगळा विग उतरवण्याची वेळ येते.

कॉर्सेटबद्दल, म्हणजे कंबर आवळणाऱ्या चोळीबद्दल, दोन शब्द. पोलादी पट्ट्यांचा कॉर्सेट खालच्या बरगड्या आवळतो, आणि श्वास भरताना फुलायला हव्यात त्या नेमक्या याच बरगड्या. म्हणून नाड्या आवळताना पूर्ण श्वास भरून उभं राहायचं. ओठ हलवणाऱ्याला चालतं त्यापेक्षा चार-पाच सेंटीमीटर सैल ठेवायचं. एवढं करूनही लांब ओळ एका श्वासात निघत नाही. तेव्हा श्वासाच्या जागा आधीच ठरवाव्या लागतात, किंवा पट्टी एखाद्या सुरानं उतरवावी लागते. तालीम वेशात केली नसेल, तर हे सगळं पहिल्या प्रयोगाच्या रात्रीच कळतं.

आणि गिटार. नितंब भरीव दिसावेत म्हणून दोन्ही बाजूंना फोमच्या गाद्या बसवतात, त्यावर तीन-चार टाइट्स. छातीवरही भर असतो. परिणाम असा की गिटार शरीरापासून पुढे सरकते, कोन बदलतो आणि डाव्या हाताची बोटं कुठे पडतायत ते दिसत नाही. फुगीर बाहीवरून पट्टा घसरतो. त्यात लांब नखं. तार दाबायला बोटाचं टोक उभं पडावं लागतं, लांब नख ते पडूच देत नाही. म्हणून डाव्या हाताची नखं आखूड, किंवा दुहेरी चिकटपट्टीवर बसवलेली, गाण्याआधी काढता येतील अशी.

इथे ऑटोहार्पची गोष्ट येते, आणि त्यावर थोडं रेंगाळू. आपल्या स्वरमंडळाचा हा लांबचा भाऊ म्हणा. किशोरीताई आमोणकरांच्या मांडीवरचं स्वरमंडळ आठवा, तशाच पेटीवर ताणलेल्या तारा. फरक असा की ऑटोहार्पच्या तारांवर आडव्या पट्ट्या असतात. सर्वसाधारण वाद्याला 36 तारा आणि 15 किंवा 21 पट्ट्या. पट्टीच्या खाली फेल्ट, म्हणजे नमद्यासारखं जाड कापड असतं आणि त्यात खाचा कापलेल्या असतात. बटण दाबलं की त्या कॉर्डमध्ये, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या सुरांच्या गटात, नसलेल्या तारांवर फेल्ट बसतं आणि त्या मुक्या होतात. खाचांखालच्या तेवढ्या वाजतात. उजवा हात नख्या घालून सगळ्या तारांवरून फिरवायचा, आणि निघते ती फक्त हवी ती कॉर्ड. बटण बोटाच्या पेरानं दाबलं तरी चालतं, टोक उभं लागत नाही. म्हणजे लांब नखांचा अडथळा गिटारपेक्षा पुष्कळ कमी. शिवाय कंट्री संगीतात मेबेल कार्टर या जुन्या अमेरिकी गायिका-वादक यांच्यापासून ते छातीशी उभं धरून वाजवायची परंपरा आहे, त्यामुळे वाद्य चेहऱ्याजवळ येतं आणि प्रेक्षकाला हात व चेहरा एकदमच दिसतात. ड्रॅगच्या मंचाला हे वाद्य मानवतं, त्यामागे हे कारण आहेच.

पण त्याची निगा फार. 36 खुंट्या, एकेक चावीनं पिळायची. थंड खोलीतून वाद्य दिव्यांखाली आणलं की पोलादी तार तापून प्रसरण पावते, ताण घटतो, सूर उतरतो. म्हणून ते दिवे लावून अर्धा तास आधीच मंचावर ठेवतात आणि तिथेच जुळवतात. फेल्ट जुनं होऊन कडक झालं की नको त्या तारा गुणगुणायला लागतात. मग कितीही जुळवा, कॉर्ड गढूळच येते. तेव्हा खुंट्यांना दोष न देता फेल्ट बदलावं. छातीच्या भरावाला पेटीची पाठ टेकली की नाद दबतो, म्हणून तारांचा कंप टिपणाऱ्या आतल्या पिकअपची वायर थेट ध्वनिमिश्रकाकडे न्यावी.

जानेवारी 2018 मध्ये ट्रिक्सीनं हेच वाद्य दूरचित्रवाणीवर वाजवलं. रुपॉल या अमेरिकी ड्रॅग कलावंताच्या दूरचित्रवाणी स्पर्धेत ती 2015 साली पहिल्यांदा आली होती. मध्येच बाहेर गेली, परत आली, पुन्हा गेली. विजेत्यांच्या यादीत नाव नव्हतं. पण मे 2017 मध्ये ‘टू बर्ड्‌स’ हा कंट्री-फोक गाण्यांचा पहिला संग्रह काढून ती 2018 च्या मातब्बरांच्या, म्हणजे जुन्या गाजलेल्या स्पर्धकांच्या फेरीत उतरली, आणि पहिल्याच भागात ऑटोहार्प घेऊन स्वतःचं गाणं गायली. अंतिम भाग 15 मार्चला दाखवला गेला आणि ती जिंकली. दुसऱ्याच दिवशी ‘वन स्टोन’ बाजारात आला. स्वतंत्रपणे गाणी काढणाऱ्याला मोठ्या कंपनीचा जाहिरातखर्च परवडत नाही. अशा वेळी संग्रह आधी पूर्ण करून ठेवायचा आणि नाव लोकांच्या तोंडी आलं त्या आठवड्यात सोडायचा, हे गणित तिनं अचूक मांडलं.

फेब्रुवारी 2020 मध्ये ‘बार्बरा’ आला. त्याच्या पहिल्या अर्ध्या भागात विजेची गिटार, समुद्रकिनाऱ्याच्या पॉपचा रंग. दुसरा अर्धा साधा, लाकडी वाद्यांचा. महिन्याभरात जगभरच्या मैफली बंद पडल्या आणि त्या संग्रहाचं वर्ष वाया गेलं, याची आम्हाला हळहळ आहे. 2022 साली ‘द ब्लाँड अँड पिंक अल्बम्स’ हा जोडसंग्रह आला, त्यात रॉक जास्त. तोवर 2019 पासून स्वतःची प्रसाधनांची कंपनी होती, कॅलिफोर्नियातल्या पाम स्प्रिंग्जला मोटेल झालं, पुढे डिस्को तबकड्यांचे कार्यक्रमही सुरू झाले. त्या कार्यक्रमांत गायचं नसतं. वेश तोच, पण श्वास मोकळा.

गाणी ऐकायची असतील तर ‘बार्बरा’चा दुसरा अर्धा आधी लावा, चित्र न बघता. मग तेच गाणं मंचावरच्या चित्रफितीत बघा, आणि ओळीच्या मध्ये ती श्वास कुठे घेते तिकडे कान द्या.

नमस्कार.