खडी

आजींच्या आधार कार्डावर जन्मतारीख आहे १ जानेवारी १९५०. मराठवाड्यातल्या नळदुर्गच्या आसपास निम्मे म्हातारे याच तारखेला जन्मलेत. आजींना खरी तारीख विचारली तर हसतात. "रझाकारीत मी आईच्या पोटात व्हते."

१५ ऑगस्ट १९४७ ला देश स्वतंत्र झाला, मराठवाडा नाही. इथं निजामाचं राज्य आणखी १३ महिने चाललं, ते राखायला रझाकारांच्या हत्यारबंद टोळ्या. आजींची आई पोटुशी, डोक्यावर गाठोडं घेऊन हद्द ओलांडून बार्शीकडं गेली. १३ सप्टेंबर १९४८ ला सोलापूरकडून भारताची फौज शिरली ती याच वाटेनं. हा किल्ला, ही बोरी नदी. १७ तारखेला निजाम शरण आला. मग १९५६ ला हैदराबाद राज्य मोडलं, १९६० ला महाराष्ट्र झाला. आजींना त्यातलं आठवतं एवढंच, की बापानं जपलेले निजामाचे हाली शिक्के बाजारात कुणी घेईना.

बहात्तरचा दुष्काळ म्हटलं की लोक लाल मिलो ज्वारी आणि सुकडीच्या गोष्टी सांगतात. आपण आजींचे हे हात बघू.

दुष्काळी काम. काळा दगड. गडीमाणसं घणानं मोठा धोंडा फोडायची, त्याची खडी करायच्या बाया. बोटांना चिंध्या गुंडाळायच्या, दगड पायाच्या अंगठ्यानं दाबून धरायचा. कुठंही मारून फुटत नाही तो. आधी शीर बघायची, मग हातोडी. दिवसभर फोडून ढीग लावायचा. मुकादम येऊन माप घ्यायचा, जाड खडी पायानं बाजूला सारायचा. ती मजुरीत धरली जायची नाही. मस्टरवर, म्हणजे हजेरीपटावर, आजींचा अंगठा आहे, जोडीदारणीचाही. हा डांबरी रस्ता दिसतो, त्याच्या पोटात त्या सगळ्यांची खडी आहे. कोनशिलेवर मात्र उद्घाटकाचं नाव.

काम मागेल त्याला काम, हे राज्यानं कायद्यात लिहिलं १९७७ ला, देशानं २००५ ला. दोन्ही कायद्यांची सुरुवात शोधायची तर अशा खडीच्या ढिगापाशी यावं लागतं.

कच उडून आजींचा डावा डोळा अधू झाला. गुडघे गेले. १९९३ च्या भूकंपात घराची भिंत पडली, ती पुन्हा उभी केली.

आम्ही एक दगड समोर ठेवला. आजींनी तो दोनदा फिरवून पाहिला. एकच घाव, दोन तुकडे. मोठा तुकडा त्यांनी हातात तोलला.

"जाड राह्यला. मुकादमानं घेतला नसता."