गाठ पचवणारी गोळी?

नमस्कार. 'पाचक एन्झाइमच्या गोळ्या घ्या, गाठ आपोआप पचून जाईल', हा सल्ला कॅन्सरच्या रुग्णांच्या घरी हमखास पोचतो. देणाऱ्याची तळमळ खरी असते, म्हणूनच तो तपासून पाहायला हवा.

ट्रिप्सिनचंच उदाहरण पाहू. हे विकर, म्हणजे एन्झाइम, स्वादुपिंड बनवतं, पण निष्क्रिय रूपात. लहान आतड्यात आल्यावर ते जागं होतं आणि प्रथिनांचे तुकडे करतं. मग वाटतं, गाठही प्रथिनांचीच, तिचेही तुकडे होतील की!

गंमत अशी की कापाकापी गाठच करते. पेशींच्या थराखाली कोलॅजेन या चिवट प्रथिनाचा पातळ पडदा असतो. तो ओलांडल्याशिवाय कॅन्सरच्या पेशीला पसरता येत नाही, आणि तो फाडायला ती विकरंच वापरते. यातलं मोठं घराणं मॅट्रिक्स मेटॅलोप्रोटीनेजचं. माणसात अशी २३ आहेत. पहिलं १९६२ साली सापडलं, बेडकाच्या पिल्लाची शेपटी विरते कशी हे शोधताना! मोठ्या आतड्याच्या काही गाठी तर खुद्द ट्रिप्सिन बनवतात. ते पेशीवरच्या पार-२ या ग्राहीला, म्हणजे इशारा टिपणाऱ्या प्रथिनाला, चेतवतं आणि पेशीला वाढीचा इशारा मिळतो.

मग ही विकरं रोखूया? १९९०च्या दशकात त्यांना रोखणारी मॅरिमास्टॅटसारखी औषधं आली. सांधे दुखायला लागले, आयुष्य मात्र अपेक्षेप्रमाणे वाढलं नाही. जखम भरायलाही हीच विकरं लागतात, काही तर गाठीला आवरही घालतात. सरसकट बंद करणं चालत नाही.

आता गोळीकडे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला भ्रूणशास्त्रज्ञ जॉन बिअर्ड यांनी ट्रिप्सिनने कॅन्सर बरा होईल असं मांडलं. त्याच वाटेवरच्या एका उपचाराची अमेरिकेत स्वादुपिंडाच्या कॅन्सरमध्ये केमोथेरपीशी तुलना झाली. निष्कर्ष २०१० साली छापून आले. रुग्ण होते ५५. केमोथेरपी घेतलेल्यांचं मध्यक आयुष्य (निम्मे रुग्ण ज्याहून जास्त जगले तो काळ) १४ महिने, विकरं आणि विशेष आहार घेतलेल्यांचं ४.३ महिने. बहुतेकांनी उपचार स्वतः निवडले होते, त्यामुळे तुलना काटेकोर नव्हती. तरी एवढी तफावत पाहून मला अस्वस्थ व्हायला होतं.

तरीही स्वादुपिंडाच्या कॅन्सरमध्ये डॉक्टर याच विकरांच्या कॅप्सूल देतात, ते पचनासाठी. गाठीमुळे विकरं आतड्यात पोचत नाहीत, चरबी पचत नाही, शौच तेलकट होते, वजन उतरतं. कॅप्सूल जेवणाबरोबर घेतली की अन्न अंगी लागतं. ही लक्षणं घरात कुणाला दिसत असतील, तर पुढच्या भेटीत डॉक्टरांना नक्की सांगा.