रेसकोर्सचे हुतात्मे

अमेरिकेच्या साउथ कॅरोलिना राज्यातलं चार्ल्सटन शहर. इथल्या हॅम्प्टन पार्कमध्ये एक लंबगोल रस्ता आहे. सकाळी लोक त्यावर धावतात, सायकली फिरवतात. रस्त्याला हा आकार आला घोड्यांमुळे. इथे पूर्वी रेसकोर्स होतं आणि शेकडो गुलाम राबवणारे मळेवाले इथे शर्यती खेळायला यायचे.

1861 मध्ये याच शहराच्या बंदरात, फोर्ट समटरवर तोफा डागल्या गेल्या आणि अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं: गुलामगिरी टिकवू पाहणारी दक्षिणेची राज्यं विरुद्ध उत्तर. युद्ध संपत आलं तेव्हा दक्षिणेच्या फौजेनं रेसकोर्सचाच तुरुंग केला. उत्तरेचे कैदी सैनिक उघड्यावर ठेवले. आजारानं आणि हालांनी किमान 257 जण मेले. प्रेक्षकांच्या स्टँडमागे एका खड्ड्यात त्यांना पुरून टाकलं.

फेब्रुवारी 1865 मध्ये शहर उत्तरेच्या फौजेच्या हाती पडलं. बहुतेक गोरे आधीच निघून गेले होते. मागे राहिले ते कालपर्यंत गुलाम असलेले लोक. त्यांच्यातल्या 28 मजुरांनी ते मृतदेह बाहेर काढले आणि प्रत्येकासाठी वेगळी कबर खणली. भोवती उंच कुंपण घातलं, त्याला चुना फासला. प्रवेशाच्या कमानीवर अक्षरं रंगवली: 'रेसकोर्सचे हुतात्मे'.

मग आला 1 मे 1865.

सुमारे 10,000 माणसं जमली. मिरवणुकीच्या पुढे 3,000 शाळकरी मुलं, हातात गुलाब. या राज्यात गुलामांना लिहायला-वाचायला शिकवणं कायद्यानं गुन्हा होता, हे लक्षात घेतलं की 'शाळकरी' या शब्दाचं वजन कळतं. मुलं गात होती जॉन ब्राउनचं गाणं. गुलामगिरीविरुद्ध शस्त्र उचलून फासावर गेलेला तो माणूस. फुलांनी कबरी दिसेनाशा झाल्या. नंतर भाषणं, सैनिकांचं संचलन आणि चक्क सहभोजन!

आज मे महिन्यातल्या शेवटच्या सोमवारी अमेरिकेत 'मेमोरियल डे'ची सुट्टी असते. तिकडच्या आपल्या मंडळींना ती बहुधा लाँग वीकएंड म्हणूनच ठाऊक. अधिकृत कथा सुरू होते 1868 पासून. उत्तरेच्या माजी सैनिकांच्या संघटनेचे प्रमुख जनरल जॉन लोगन यांनी आदेश काढला, 30 मे रोजी कबरींवर फुलं वाहा. म्हणून आधीचं नाव 'डेकोरेशन डे'. पण सुरुवात आमच्याच गावात झाली, असं म्हणणारी गावं अनेक. जॉर्जियातलं कोलंबस म्हणतं, मिसिसिपीतलंही कोलंबस म्हणतं. 1966 मध्ये राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी जन्मस्थानाचा मान दिला न्यूयॉर्क राज्यातल्या वॉटर्लूला. तिथला कार्यक्रम 1866 चा.

चार्ल्सटनचं नावच नाही. लोगन यांच्या आदेशामागे चार्ल्सटन होतं असा पुरावा नाही, हेही खरं. पण ही आठवण पुसलीही गेली. कबरी ब्यूफर्टच्या राष्ट्रीय दफनभूमीत हलवल्या, आणि पार्कला नाव मिळालं वेड हॅम्प्टनचं, दक्षिणेच्याच सेनापतीचं! 1916 मध्ये कुणीतरी पत्रानं विचारलंही, की इथे असा सोहळा झाला होता का? शहरातल्या एका महिला मंडळाच्या पदाधिकारी बाईंनी कळवलं, अधिकृत माहिती काही मिळत नाही.

माहिती छापून आलेली होती, 1865 च्या वर्तमानपत्रांत. 1990 च्या दशकात इतिहासकार डेव्हिड ब्लाइट हार्वर्डच्या ग्रंथालयात माजी सैनिकांचे कागद चाळत होते. त्यात एक फाइल निघाली. तिच्यावर लिहिलं होतं: 'पहिला डेकोरेशन डे'.