मोडलेलं बिस्किट

दोन वर्षांची पोर फरशीवर पालथी पडून भोकाड पसरतेय. कारण काय, तर हातातलं बिस्किट मोडलं. दुसरं दिलं, तेही भिरकावलं. हेच जोडून हवंय. मुठी आवळलेल्या, चेहरा लालबुंद. बघणारे म्हणतात, फार लाडावलीय. मला ते पटत नाही. मनाला आवर घालणारं यंत्र तिच्या डोक्यात अजून पुरतं तयारच नाही.

मेंदूच्या दोन्ही बाजूंना, खोल आत, बदामाएवढा एक भाग असतो. त्याचं नाव अमिग्डाला. धोका हेरायचा, भीती जागी करायची, हे त्याचं काम. बाळपणापासून तो कामाला लागलेला असतो. त्याला आवरणारा प्रीफ्रंटल कॉर्टेक्स कपाळामागे असतो आणि तो विशीतही घडतच असतो. दोघांना जोडणाऱ्या तंतूंवर मायलिनचं स्निग्ध वेष्टन चढतं, तेव्हा कुठे निरोप झपाट्याने पोचू लागतात. मेंदूत सर्वांत उशिरा पक्क्या होणाऱ्या वाटांपैकी ही एक वाट.

तोवर मूल सावरतं ते आईच्या चेहऱ्याकडे बघून.

१९८५ साली प्रसिद्ध झालेला एक अमेरिकन प्रयोग बघा. वर्षभराची बाळं जाड काचेवर रांगतायत. अर्ध्या वाटेत काचेखालची जमीन एकदम खाली गेलेली दिसते. बाळ तिथे थबकतं आणि पलीकडच्या आईकडे बघतं. आईचा चेहरा हसरा असला, तेव्हा १९ पैकी १४ बाळं पुढे गेली. घाबरलेला असला, तेव्हा १७ पैकी एकही गेलं नाही. आई तोंडातून अवाक्षरही काढत नव्हती!

२०१४ मध्ये डिलन जी आणि निम टॉटनहॅम या संशोधकांच्या गटाने मेंदू टिपणाऱ्या स्कॅनरमधल्या मुलांना आईचा फोटो दाखवला. दहा वर्षांपर्यंतच्या मुलांचा अमिग्डाला अनोळखी बाईच्या फोटोपेक्षा आईच्या फोटोने शांत राहिला. अकरा ते सतरा वयाच्या मुलांत तसा फरक दिसला नाही. या वयात भावनांना उधाण येतं, दारं आपटतात, आणि कपाळामागचं बांधकाम तर अजून चालूच असतं.

इकडे आई फरशीवरच बसलीय. ओरडत नाही, समजावत नाही, नुसता पाठीवर हात. हुंदके हळूहळू विरतात. पोर मान वर करून आधी आईच्या तोंडाकडे बघते, आणि मग मोडलेल्या तुकड्याकडे.