बंदराचं तोंड समुद्राकडे

(कोल्हापुरात झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, आपल्या टाउन हॉलच्या संग्रहालयात समुद्राचा एक देव आहे. ब्राँझचा, लहानसा, ग्रीक लोक ज्याला पोसायडन म्हणायचे तो. १९४० च्या दशकात पंचगंगेकाठी ब्रह्मपुरीच्या टेकाडात तो सापडला, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या वस्तीच्या थरांतून. इथून समुद्र दिसत नाही, खारा वारा येत नाही, मध्ये आख्खा सह्याद्री आडवा. आणि तरी समुद्राचा देव आपल्या गावात! तो गलबतातून आला असणार, खाडीनं आत शिरला असणार आणि कुणा व्यापाऱ्याच्या तांड्याबरोबर घाट चढला असणार. दुसरी वाटच नाही.

मला बोलायला सांगितलंय छोट्या बोटसफरीवर. राजापूरच्या खाडीपासून वेंगुर्ल्यापर्यंत, तीन-चार दिवसांची. रोज धावणारी बोट या मार्गावर नाही, त्यामुळे सफर टप्प्याटप्प्यानं ठरवावी लागते. आपल्याकडून मालवणला गाड्या भरून लोक जातात, किल्ला बघतात, सुरमईचं ताट जेवतात, परत येतात. त्यात वाईट काही नाही, मीही जातो. पण रस्त्यानं गेलं की बंदरात आपण मागच्या दारानं शिरतो. आधी एस.टी. स्टँड लागतो, मग बाजार, मग मासळीचा वास आणि शेवटी धक्का. ज्यांनी ही गावं वसवली, त्यांच्या लेखी धक्का आधी होता आणि बाकीचं सगळं त्याच्या पाठीमागे. म्हणून माझं म्हणणं एवढंच, की एकदा तरी पुढच्या दारानं जा.

सुरुवात राजापूरपासून करा असं मी मुद्दाम म्हणतो. अणुस्कुरा घाट उतरला की आपण राजापूर तालुक्यात. राजापूर गाव समुद्रावर नाहीच. खाडीनं बरंच आत, डोंगरांच्या कुशीत आहे. मुखाशी जैतापूर, समोर मुसाकाजी, नाट्याला यशवंतगड. एवढ्या आत बंदर का? कारण वादळाची भीती नाही, चाच्यांची भीती कमी आणि घाटाचा पायथा जवळ. १६४९ साली इंग्रजांनी इथे वखार घातली ती काही हवापालट म्हणून नव्हे. मिरी आणि कापड घाटावरून इथे उतरत होतं.

आता कोल्हापूरकरांच्या जिव्हाळ्याची गोष्ट. १६६० चा पन्हाळ्याचा वेढा आपल्याला पाठ आहे. सिद्दी जौहर, शिवा काशीद, बाजीप्रभू, पावनखिंड. त्या वेढ्यात गडावर तोफा डागायला इंग्रज आले होते, तेही स्वतःचं इंग्रजी निशाण फडकावून. ते आले कुठून? याच राजापूरच्या वखारीतून. तिथला प्रमुख हेन्री रेव्हिंग्टन दारूगोळा घेऊन घाट चढला. पुढच्याच वर्षी महाराजांनी राजापूर लुटलं, वखार खणून काढली आणि रेव्हिंग्टनसह इंग्रजांना कैद केलं. आपण पन्हाळ्यावर उभं राहून वेढा समजून घेतो, पण त्यातला एक धागा थेट त्या खाडीत जातो.

आज त्या खाडीत होडी घातलीत तर तांडेल, म्हणजे होडी चालवणारा, आधी भरतीची वेळ विचारेल. ओहोटीला दोन्ही काठांना चिखल उघडा पडतो, कांदळवनाच्या मुळ्या बोटं रोवून उभ्या असल्यासारख्या दिसतात आणि पाण्याचा पट्टा मधोमध आक्रसतो. डोंगरावरची झाडं गेली, तांबडी माती पावसाबरोबर खाली आली आणि खाडी भरत गेली. शत्रूला राजापूर पुरतं बुडवता आलं नाही, गाळानं ते काम सावकाश केलं. कोकणातल्या बहुतेक खाडीबंदरांचं हेच झालं. खारेपाटणचंही तेच. शिलाहार राजा रट्टराजाचा शके ९३०, म्हणजे इसवी सन १००८ चा ताम्रपट तिथे मिळाला. परदेशातून येणाऱ्या प्रत्येक जहाजामागे एक गद्याणक, म्हणजे सोन्याचं एक नाणं, कर म्हणून द्यावा, असं त्यात लिहिलंय. आज खारेपाटण म्हटलं की लोकांना हायवेवरचा पूल आठवतो.

मुखातून बाहेर पडून दक्षिणेला वळलं की थोड्याच वेळात विजयदुर्ग. इथे घाई करू नका. निघा पहाटे. रात्रभर जमिनीवरून सुटलेला मतलई वारा सकाळपर्यंत टिकतो, पाणी सपाट असतं. दुपारनंतर खारा वारा जोर धरतो आणि मग बोट नाचायला लागते. शिडांच्या काळात सगळं वेळापत्रक या दोन वाऱ्यांवर चालायचं. आज इंजिन असलं तरी पोटाला तेच वेळापत्रक सोसतं.

रस्त्यानं विजयदुर्गला जाल तर गावातून चालत दरवाजाशी पोचाल आणि म्हणाल, चांगला किल्ला आहे. पाण्यावरून गेलात तर आधी नुसता काळा खडक दिसतो. मग कळतं की खडकाचा वरचा भाग तट आहे, त्याच्या मागे आणखी एक तट आहे आणि त्याच्याही मागे तिसरा. किल्ल्याला वळसा घातला की वाघोटण खाडीचं तोंड उघडतं आणि आत शांत, खोल पाणी. आंग्र्यांचं आरमार इथे का राहायचं, हे नकाशा न उघडता समजतं. आणि १७५६ च्या फेब्रुवारीत काय झालं तेही समजतं. तुळाजी आंग्र्यांचा काटा काढायला पेशव्यांनी इंग्रजांना बरोबर घेतलं. इंग्रज आरमाराचा प्रमुख वॉटसन याच्या जहाजांनी समुद्राकडून मारा केला, सैन्य घेऊन क्लाइव्ह होता आणि आंग्र्यांचं आरमार याच पाण्यात जळालं. घरचं भांडण मिटवायला बाहेरचा आणला की घर कुणाचं राहतं, हा हिशेब पेशव्यांनी त्या दिवशी मांडला नाही. माझ्या मते मराठ्यांच्या समुद्रावरच्या सत्तेला खरा तडा इथेच गेला.

विजयदुर्गावर तुम्हाला ‘साहेबाचे ओटे’ म्हणून चौथरे दाखवतील आणि सांगतील की १८६८ च्या ग्रहणात लॉकियर या शास्त्रज्ञानं इथून हेलियमचा शोध लावला. गावाला अभिमान आहे, असू दे. पण १८६८ साली लॉकियर इंग्लंडमध्ये होता. त्यानं निरीक्षण केलं ते तिथूनच, ऑक्टोबरमध्ये, ग्रहण नसताना. ऑगस्टचं ते ग्रहण भारतातून बघितलं ते जान्सेन या फ्रेंच शास्त्रज्ञानं, तेही आंध्रातल्या गुंटूरहून. लॉकियर विजयदुर्गाला आला तो तीस वर्षांनी, २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणाला, आरमारी जहाज घेऊन. खरी हकीकत काही कमी रंगतदार नाही, मग उसनी कशाला?

देवगडला मुक्काम नको, आंबे आपण इथेच खातो. थेट मालवण गाठा.

सिंधुदुर्गाची पायाभरणी २५ नोव्हेंबर १६६४ ची. कुरटे बेट, जवळजवळ ४८ एकर. हे आकडे पाटीवर वाचायला मिळतात. पाटीवर नसतं ते असं : बेटाभोवती पाण्याखाली खडकांची रांग आहे. काही डोकं वर काढतात, काही नुसतेच पांढऱ्या फेसावरून ओळखायचे. बाहेरून येताना तांडेल सरळ किल्ल्याकडे बोट घेत नाही. किनाऱ्यावरच्या दोन खुणा एका रेषेत आल्या की वळतो, पुन्हा दोन खुणा, पुन्हा वळतो. त्याची नजर किल्ल्यावर नसतेच. आणि या सगळ्या वेळात तटाला दरवाजा दिसत नाही. नुसती सलग भिंत, बुरूज, भिंत. अगदी जवळ गेल्यावर दोन बुरुजांच्या वळणात फट पडल्यासारखी दिसते, तो महादरवाजा. तोही शहराच्या बाजूला. म्हणजे शत्रूचं जहाज कितीही मोठं असो, दार शोधायला त्याला खडकांमधून आत यायलाच हवं. दूधबाव, दहीबाव, साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी आत, खाऱ्या पाण्याच्या मधोमध. जागा निवडणाऱ्याला समुद्र किती कळत होता!

हा किल्ला आपला होता, हे कोल्हापुरात किती जणांना ठाऊक आहे? करवीरच्या गादीकडे मालवण होतं. १७६५ साली इंग्रजांनी सिंधुदुर्ग घेतला, त्याला फोर्ट ऑगस्टस असं नाव ठेवलं आणि पुढच्या वर्षी पैसे घेऊन कोल्हापूरला परत केला. मग १८१२ च्या तहानं मालवण कायमचं गेलं. कारण सांगितलं चाचेगिरीचं. आता, परवाना न घेतलेलं जहाज पकडलं की मराठे चाचे ठरतात आणि त्याच समुद्रात पोर्तुगीज शंभर वर्षं आधीपासून तेच करतात तेव्हा ते सरकार ठरतं. असो.

मालवणहून वेंगुर्ल्याला जाताना निवतीसमोर समुद्रात खडकाळ बेटं लागतात. एकावर दीपगृह आहे, एकाच्या गुहेत पाकोळ्या घरटी करतात. लाळेची घरटी, परदेशात सूप करून खातात म्हणून एकेकाळी चोरीला जायची. बोट दूरच ठेवा, पाखरांच्या घरात डोकावायचं नसतं.

वेंगुर्ल्यात सतराव्या शतकात डचांची वखार होती, तिचे पडके अवशेष आहेत. हे बंदर बेळगाव आणि आपल्या गडहिंग्लज-आजऱ्याच्या बाजूचं. आंबोलीच्या रस्त्यानं बैलगाड्यांच्या रांगा उतरायच्या. ते मेलं कशानं? रेल्वेनं. १८८० च्या दशकात गोव्यातल्या मुरगाव बंदराला लोहमार्ग गेला, बेळगावचा माल तिकडे वळला. १८९१ ला कोल्हापूर-मिरज गाडी सुरू झाली आणि १८९५ ला शाहूपुरीची गूळपेठ वसली. आपली पेठ वाढली ती रेल्वेवर, आणि आपण पश्चिमेकडे पाठ फिरवली. यात कुणाचा दोष नाही. फक्त वेंगुर्ल्याच्या धक्क्यावर उभे असाल तेव्हा हे लक्षात असू द्या. परत येताना आंबोलीच चढा, म्हणजे एक घाट उतरून दुसरा चढल्यासारखं होईल.

दोन चिठ्ठ्या आल्यात. पहिली, बोट लागते त्याचं काय? रिकाम्या पोटी बसू नका, तुडुंब पोटीही नको, मध्यभागी बसा आणि मोबाईल खिशात ठेवून क्षितिजाकडे बघा. परवाना असलेलीच बोट घ्या, लाइफ जॅकेट अंगात घाला, मांडीवर नको. ओळखीच्या माणसाची मासेमारीची होडी स्वस्त पडते, पण त्या मोहात पडू नका.

दुसरी, पावसाळ्यात जाता येईल का? नाही. २६ मे ते ३१ ऑगस्ट प्रवासी बोटी बंद असतात. पूर्वीही गलबतं पावसाआधी वर ओढायचे आणि नारळी पौर्णिमेनंतर पाण्यात लोटायचे. अगदीच राहवत नसेल तर गाडीनं विजयदुर्गजवळ गिर्ये-रामेश्वरला जा. तिथे खाडीकाठी खडक फोडून केलेली मराठ्यांची गोदी आहे, शंभर मीटरहून लांब. जहाजं दुरुस्तीला जिथे चढवायचे ती जागा बघायला पावसाळा चालतो. छत्री तेवढी मजबूत घ्या.