पासपोर्ट आपला, व्हिसा त्यांचा

चेक-इन काउंटर. बॅग वजनाला ठेवली, पासपोर्ट पुढे केला, आणि काउंटरमागची मुलगी फोटोचं पान उघडून आधी बघते ती एक्स्पायरी डेट. मग पानं उलटत उलटत व्हिसा शोधते, कॉम्प्युटरवर काहीतरी टाइप करते आणि थांबते. हे जे थांबणं आहे ना, ते फार जीवघेणं असतं, कारण तिकीट काढून झालेलं असतं, हॉटेल बुक असतं, सुट्टी कशीबशी मंजूर करून घेतलेली असते आणि सगळं अडतं कुठे, तर एका तारखेवर.

अहो पण पासपोर्ट अजून 4 महिने चालू आहे की, मग अडवलं कसं? तर त्याचं असं आहे, बऱ्याच देशांची अट असते की तुम्ही तिथे पोचाल तेव्हा पासपोर्टचे निदान 6 महिने शिल्लक असले पाहिजेत. युरोपातल्या 29 देशांचा जो शेंगेन गट आहे त्यांचा हिशोब वेगळा, तिथून बाहेर पडायच्या तारखेनंतर 3 महिने बाकी हवेत आणि शिवाय पासपोर्ट गेल्या 10 वर्षांतच काढलेला हवा. म्हणजे पुस्तिकेवर छापलेली तारीख काहीही असो, प्रवासापुरता तो पासपोर्ट त्याच्या कितीतरी आधी संपलेला असतो. आणि काउंटरवरची माणसं हे मनानं ठरवत नाहीत, आयाटा ही विमान कंपन्यांची संघटना टायमॅटिक नावाचा डेटाबेस चालवते त्यात देशोदेशीचे नियम असतात, तिथे बघून ती सांगतात. कागद पुरे नसलेला प्रवासी नेऊन सोडला तर त्याला परत आणायचं एअरलाइनच्याच गळ्यात पडतं, वर बऱ्याच ठिकाणी दंडही बसतो, त्यामुळे सीमेवरची अर्धी तपासणी विमानात बसायच्या आधीच होऊन जाते.

आता ही पुस्तिका बघूया, कारण ती आपण कधी नीट बघितलेलीच नसते. 1914 च्या आधी युरोपातल्या बऱ्याच भागात लोक पासपोर्टशिवाय फिरायचे, महायुद्ध सुरू झालं आणि कागद मागायला लागले ते लागलेच. 1920 मध्ये राष्ट्रसंघाची, म्हणजे आजच्या संयुक्त राष्ट्रांच्या आधीच्या संघटनेची, पॅरिसला परिषद झाली, तिथे ठरलं की सगळ्यांचा पासपोर्ट साधारण एकसारखा असावा, 32 पानांची पुस्तिका. आजही कित्येक देशांच्या पासपोर्टात 32 ते 36 च्या आसपासच पानं असतात.

फोटोच्या पानावर खाली दोन ओळी असतात, प्रत्येकीत 44 खुणा. इंग्रजी अक्षरं, आकडे आणि मधे मधे ते बाणाच्या टोकासारखं चिन्ह, ते चिन्ह म्हणजे रिकामी जागा. इकाओ म्हणजे आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटना, तिनं हे ठरवून दिलंय. यातली गंमत तारखेजवळ आहे. समजा जन्मतारीख 15 मार्च 1990, तर तिथे छापलं जातं 900315 आणि त्याला लागून एक आकडा, 2. तो कुठून आला? प्रत्येक अंकाला क्रमानं 7, 3, 1, परत 7, 3, 1 असं गुणायचं आणि बेरीज करायची, ती येते 92, शेवटचा अंक 2. मशीननं चुकून 5 च्या जागी 6 वाचला तर बेरीज 93 होते, आकडा जुळत नाही आणि मशीनला लगेच कळतं की काहीतरी चुकलंय. इतकी साधी युक्ती, पण जगभर चालते!

कव्हरवर आयतासारख्या चौकटीत मधोमध गोल असं चिन्ह असेल तर आत चिप आहे. बंद पासपोर्टातून चिप कुणालाही वाचता येऊ नये म्हणून बरेचदा तिची किल्ली याच दोन ओळींमधून बनते, पासपोर्ट नंबर, जन्मतारीख आणि एक्स्पायरी. म्हणून पासपोर्ट तपासणीच्या गेटवर आधी ते पान स्कॅनरवर उपडं ठेवावं लागतं.

आणि ज्यांच्यामागे देशच नाही त्यांचं काय? रशियातल्या क्रांतीनंतर लाखो लोक बाहेर पडले, त्यांचं नागरिकत्वच काढून घेतलं गेलं. 1922 मध्ये राष्ट्रसंघाचे निर्वासितांसाठीचे आयुक्त फ्रिट्यॉफ नान्सेन यांच्या पुढाकारानं अशांसाठी वेगळं प्रवासपत्र निघालं, लोक त्याला नान्सेन पासपोर्टच म्हणायचे. चित्रकार मार्क शगाल आणि संगीतकार इगोर स्ट्राव्हिन्स्की या कागदावर फिरलेत. मला हे फार महत्त्वाचं वाटतं, पासपोर्टची किंमत तो नसलेल्या माणसाला विचारावी.

तर पासपोर्ट देतो आपला देश. व्हिसा देतो तो दुसरा देश, आणि तिथे आपलं काही चालत नाही. पासपोर्टात चिकटवलेल्या व्हिसाच्या स्टिकरवर तीन गोष्टी वाचायच्या. कधीपासून कधीपर्यंत, किती वेळा आत जाता येईल आणि किती दिवस राहता येईल. घोळ होतो तो इथेच, तारखा महिनाभराच्या असतात आणि मुक्कामाचे दिवस लिहिलेले असतात 15, आणि माणूस महिनाभर राहायचा प्लॅन करून बसतो. एकदाच प्रवेश असलेल्या व्हिसावर शेंगेनमधून शेजारच्या गटाबाहेरच्या देशात चक्कर मारायला गेलात की परत आत येता येत नाही, बॅगा हॉटेलवर राहिल्या असल्या तरी. शेंगेनमध्ये कुठल्याही 180 दिवसांत जास्तीत जास्त 90 दिवस राहता येतं, आणि आलेला दिवसही मोजतात, गेलेला दिवसही. पूर्वी हे शिक्के बघून मोजायचे, ऑक्टोबर 2025 पासून तिथे टप्प्याटप्प्यानं कॉम्प्युटरवर नोंद सुरू झालीये, बोटांचे ठसे आणि फोटोसकट.

व्हिसा लागत नाही म्हणजे काहीच लागत नाही असंही नाही बरं का, अमेरिकेसारखे देश विमानात बसायच्या आधी ऑनलाइन परवानगी घ्यायला लावतात. नुसतं विमान बदलायला उतरलात तरी काही ठिकाणी ट्रान्झिट व्हिसा लागतो. पीतज्वराच्या लसीचा दाखला मागणारे देश आहेत, तो लस घेतल्यावर 10 दिवसांनी लागू होतो, त्यामुळे आदल्या दिवशी धावपळ करून उपयोग नाही. आणि तिकिटावरचं नाव पासपोर्टप्रमाणेच, घरी कुणी काहीही म्हणत असो.

एवढं सगळं असूनही व्हिसा म्हणजे आत घेतीलच असं नाही. शेवटचा निर्णय सीमेवरच्या अधिकाऱ्याचा. कुठे राहणार, परत कधी जाणार, पैसे किती, हे तो विचारू शकतो, म्हणून परतीचं तिकीट आणि हॉटेलचा कागद हातातल्या बॅगेत ठेवायचा, चेक-इन केलेल्या बॅगेत नाही.

एक राहिलं. पासपोर्ट संपला पण त्यातला व्हिसा चालू आहे, असं खूपदा होतं. अमेरिका असा व्हिसा चालवून घेते, दोन्ही पासपोर्ट सोबत ठेवायचे, जुना आणि नवा. पण व्हिसाचं पान कापून किंवा स्टिकर सोलून नव्या पासपोर्टात चिकटवायचा नाही. चिकटवलात की तो व्हिसा गेला.